गरज पडते, मतलब साधतात



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी इथे जमतो, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. ते मराठी शिकवत. एखाद्या शब्दाचा अर्थ विचारला, तर ते लगेच सांगत नसत. शब्द फळ्यावर लिहीत आणि आम्हालाच विचारत, "याच्याबरोबर क्रियापद कोणतं येतं, ते आधी सांगा." राग येतो, भांडण करतात. झोप लागते, आळस करतात. शब्द कुणाच्या सोबतीनं उठतो-बसतो हे पाहिलं की त्याचं कूळ आणि स्वभाव दोन्ही कळतात, असं त्यांचं सांगणं होतं. आजचं व्याख्यान त्यांच्या या एका सवयीवर उभं आहे.

माझा विषय एक शब्द आहे. गरज.

नोकरीतली सुरुवातीची काही वर्षं मी उत्तरेत काढली. तिथे एका लखनवी सहकाऱ्याला मी कामाच्या घाईत चिठ्ठी पाठवली, "मुझे आपकी गरज है." संध्याकाळी तो भेटला आणि फार जपून म्हणाला, "भाईसाहब, गरज नहीं, जरूरत लिखिए. गरज तो मतलब की होती है." त्याच्या कानाला माझ्या चिठ्ठीत मदतीची हाक ऐकू आली नव्हती. या माणसाचं माझ्याकडे काहीतरी काम अडलंय, म्हणून तो आज गोड बोलतोय, असा त्याला वास आला होता. शब्द तोच, मूळ तेच. त्याच्या घरात त्या शब्दाला स्वार्थाचा वास, आमच्या घरात भुकेचा. हा फरक कसा पडला, आणि तो पाडताना मराठीनं काय केलं, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

आधी कुळाकडे जाऊ. आपण ढग गरजतात म्हणतो ती गरज वेगळी. ती संस्कृत 'गर्ज्' धातूची लेक आहे. उच्चार सारखा झाला एवढंच. आपली गरज अरबी आहे. अरबीत 'गरद' किंवा फार्सी उच्चारानं 'गरज' म्हणजे तिरंदाजाचं लक्ष्य. ज्याच्यावर नेम धरायचा ते. नेमावरून हेतू हा अर्थ आला, आणि अरबीत तो आजही तसाच सरळ आहे. फार्सीत मात्र या शब्दाचं मन बदललं. हेतूपासून तो अंतस्थ हेतूकडे सरकला, आणि तिथून आकसाकडे. फार्सीत 'बी-गरज' म्हणजे ज्याचा आतून कुणाकडेच कल नाही असा निःपक्ष माणूस. मौलाना रूमींनी मसनवीच्या पहिल्या भागात सांगितलं आहे, की मनात गरज शिरली की समोरच्याचा गुण झाकला जातो, आणि ज्या न्यायाधीशानं मनात लाच ठरवून ठेवली त्याला जुलमी कोण आणि गांजलेला कोण हे ओळखता येत नाही. न्यायाधीशाचं ते उदाहरण लक्षात ठेवा. पुढे आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

उर्दू-हिंदीनं हा फार्सी वारसा पुढे चालवला. 'खुदगर्ज' म्हणजे आपल्यापुरतं पाहणारा. गुजरातीत आणि मराठीत तोच शब्द आला, पण दक्षिणेकडे येता येता त्याची धार बोथट झाली.

मराठीत तो आला तो दरबारातून. १३४७ मध्ये बहामनी सत्ता उभी राहिली, पुढे तिच्या पाच शाह्या झाल्या, आणि दरबारच्या फार्सीची गाठ गावच्या मराठीशी पडली. ही गाठ रोज ज्यांच्या लेखणीत पडत होती ते देशपांडे आणि कुलकर्णी. वरून हुकूम यायचा फार्सी वळणाचा, आणि तो पोचवायचा असायचा कुणब्यापर्यंत. अर्ज, हुकूम, जमीन, रयत, कर्ज, बाजार असे शब्द त्या वाटेनं आपल्या तोंडी बसले. सतराव्या शतकातल्या मराठी पत्रांत फार्सी शब्दांची गर्दी केवढी होती आणि पुढे ती कशी ओसरली, हे इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्द मोजून दाखवलं आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दहा वर्गांमध्ये राजकारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. हा प्रयत्न मोठा होता आणि त्यामागचा स्वाभिमान आजही मान तुकवावी असा आहे. पण कचेरीतला शब्द बदलता येतो. चुलीपाशी जाऊन बसलेला शब्द उठवता येत नाही.

माधव जूलियन या नावानं कविता लिहिणारे माधवराव पटवर्धन यांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश सिद्ध केला. फार्सीचा इतका गाढा अभ्यास असलेल्या याच माणसानं पुढे भाषाशुद्धीचा कैवार घेतला. गरजेला पर्याय म्हणून 'आवश्यकता' आपल्याकडे होताच. तो शब्दही चांगला आहे. अवश्य म्हणजे जे आपल्या वश नाही ते. पण आवश्यकता सरकारी कागदावर बसली, आणि अडलेल्या माणसाच्या तोंडी गरजच राहिली. लोकांनी तिला किती आपलंसं केलं, ते प्रत्ययांत दिसतं. अरबी शब्दाला मराठी 'ऊ' लावून आपण गरजू केला. त्याच अरबी शब्दाला संस्कृत वळणाचा 'वंत' लावून गरजवंत केला. धनवंत, गुणवंत, भगवंत या पंगतीत गरजवंताला पाट मांडला. परक्याला इतक्या सहज कुणी पंगतीत घेत नाही.

आता गरजेच्या भावकीकडे पाहू. आपल्या हिताच्या हालचालीला मराठीत तीन शब्द आहेत: स्वार्थ, मतलब आणि गरज. तिन्ही शब्द जन्मानं निर्दोष आहेत.

स्वार्थ हा संस्कृत व्याकरणात तर अगदी निरुपद्रवी शब्द आहे. जो प्रत्यय लागूनही शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्याला 'स्वार्थे' प्रत्यय म्हणतात. शब्दाचा जो स्वतःचा अर्थ, तो त्याचा स्वार्थ. न्यायशास्त्रात स्वतःच्या समजुतीसाठी केलेलं अनुमान ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवण्यासाठी केलेलं ते परार्थानुमान. यात निंदा कुठेच नाही. भर्तृहरीनं नीतिशतकात माणसांच्या प्रती लावल्या, तेव्हाही त्यानं स्वार्थाला सरसकट दोष दिला नाही. वामनपंडितांमुळे सतराव्या शतकापासून मराठी वाचकाला ते शतक घरचं आहे. त्याचा हिशेब असा: स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करतात ते सत्पुरुष. स्वतःच्या हिताला धक्का न लावता दुसऱ्याचं भलं करतात ते सामान्य. स्वतःसाठी दुसऱ्याचं हित मारतात ते माणसातले राक्षस. आणि काही कारण नसताना दुसऱ्याचं वाटोळं करतात त्यांना काय म्हणावं, हे कवीलाही कळत नाही. यातली दुसरी ओळ मला फार मोलाची वाटते. आपलं सांभाळून दुसऱ्याचं करणारा माणूस भर्तृहरीच्या लेखी 'सामान्य' आहे, म्हणजे जग ज्याच्यावर चालतं तो. तो हीन नाही.

मतलब हाही अरबीच. 'तलब' म्हणजे शोध, मागणी. तंबाखूची तलब येते ती हीच. जे शोधायचं ते मतलब. हिंदीत या शब्दाचा पहिला अर्थ 'अर्थ' हा आहे: इसका मतलब क्या? आणि आपला 'अर्थ' शब्द तरी काय आहे? शब्दाचा आशयही अर्थ, पैसाही अर्थ, आणि हेतूही अर्थ. दोन वेगळ्या कुळांच्या भाषांनी बोलण्याचा आशय आणि बोलणाऱ्याचा हेतू एकाच शब्दात ठेवले. माणूस काय म्हणतो हे समजायचं, तर तो कशाच्या मागे आहे हे समजून घ्यावं लागतं, एवढं शहाणपण दोघींकडे होतं.

पण आपल्याकडे वाटण्या वेगळ्या झाल्या. हिंदीत मतलब मुख्यतः आशयाकडे गेला आणि गरज स्वार्थाकडे. मराठीत नेमकं उलटं झालं. मतलब, मतलबी, आपमतलबी हे शब्द स्वार्थाच्या घरी नांदायला गेले, आणि गरजेला मराठीनं त्या घरातून सोडवून आणलं. जुन्या सासरची खूण एखाद्या वाक्यात अजून दिसते. "मला काय गरज पडलीय?" असं आपण फणकाऱ्यानं म्हणतो, तेव्हा माझा त्यात काय फायदा, असाच अर्थ असतो. एरवी गरज म्हणजे उणीव, अडचण, पोटाची हाक.

आता गुरुजींचा फळा पुढे घ्या. त्यावर दोन शब्द शेजारी लिहू आणि क्रियापदं मांडू.

गरज असते. गरज लागते. गरज पडते. गरज भासते. गरज भागते. गरज सरते. या सगळ्यांत माणूस कर्ता नाही. पाऊस पडावा तशी गरज पडते, ऊन लागावं तशी लागते. "मला गरज आहे" या वाक्यात मी चतुर्थीत उभा आहे, ज्याच्यावर काही येऊन पडलं तो. भूक, तहान, ताप, थंडी यांचं व्याकरण असंच आहे.

मतलब मात्र साधतात. स्वार्थ साधतात. तिथे माणूस कर्ता आहे, डोळे उघडे ठेवून नेम धरणारा. आपल्या पोळीवर तूप ओढणं, तुंबडी भरणं, पदरात पाडून घेणं, या सगळ्या हातानं करायच्या क्रिया आहेत. अरबी गरजेतला तो जुना तिरंदाज मराठीत मतलबाच्या घरी राहायला गेला. गरजेत उरला तो बाण ज्याला लागला आहे तो.

या यादीतल्या एका क्रियापदापाशी मला थांबायचं आहे. भागणं. तहान भागते. भूक भागते. गरज भागते. नव्यानं संसार मांडलेल्या मुलीला आई फोनवर विचारते, "भागतं का गं तुमचं?" आणि ती म्हणते, "भागतं कसंबसं." या एका शब्दात महिन्याचा सगळा ताळेबंद आहे. भागणं या क्रियेला तळ आहे, शेवट आहे. हौसदेखील भागते, म्हणून मराठी माणसानं हौसेला कधी पाप मानलं नाही. पण "हाव भागली" असं कुणी म्हणत नाही. "स्वार्थ भागला", "मतलब भागला" हे तर वाक्यच होत नाही. मतलब एकदा साधला की पुढचा उभा राहतो. हाव सुटते, आणि सुटलेल्या गोष्टीला थांबा नसतो. कुणी नीतिशास्त्री बसवून हा भेद ठरवलेला नाही. शेकडो वर्षं बोलणाऱ्या लोकांच्या तोंडून तो घडला. त्यांनी आपल्याला एक निकष देऊन ठेवला आहे: जी भागते ती गरज.

हा निकष हातात घेऊन आपल्या म्हणींकडे पाहिलं की मन अस्वस्थ होतं. "गरज सरो, वैद्य मरो." "गरजवंताला अक्कल नसते." पहिलीची बहीण गुजरातीतही आहे, गरज सरली की वैद्य वैरी. या म्हणी कोण बोलतं, ते जरा आठवून पाहा. आजारी माणूस बोलत नाही. अडलेला माणूस बोलत नाही. ज्याच्याकडे तो जातो, तो बोलतो. पहिली म्हण गरजवंताला कृतघ्न ठरवते, दुसरी मूर्ख ठरवते. भाषेनं एका हातानं गरजेला स्वार्थातून सोडवलं, आणि देणाऱ्याच्या गादीवर बसून बोलणाऱ्यांनी दुसऱ्या हातानं तिच्यावर पुन्हा डाग लावला. "अडला हरी गाढवाचे पाय धरी" ही म्हण मला म्हणूनच जास्त न्यायाची वाटते. तिच्यात अडलेला आहे तो हरी आहे.

गरजवंताला अक्कल नसते म्हणजे काय असतं, हे आपल्याच जिल्ह्यांच्या इतिहासात फार जवळून पाहता येतं. १८७५ हे साल घ्या. त्याच साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, जिच्या वाटेनं आपली ही व्याख्यानमालाही चालते. आणि त्याच सालच्या १२ मे रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकरी जमले आणि सावकारांच्या दारात गेले. त्यांना धान्य हवं होतं, पण त्याहून जास्त हवे होते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे. जे मिळाले ते त्यांनी जाळले. पुढच्या दिवसांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत गेलं. माणसांवर हात टाकणं बहुतेक ठिकाणी टाळलं गेलं. राग कागदावर होता.

तो कागद कसा तयार होत असे, ते पाहा. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोख्याचं आयुष्य तीन वर्षांवर आणलं. हेतू चांगला होता, की व्याज वर्षानुवर्षं चढत राहू नये. पण तीन वर्षं संपत आली की सावकार नवा रोखा लिहून मागे. थकलेलं व्याज मुद्दलात जाई, आणि त्या नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज सुरू होई. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा भाव चढला तेव्हा कर्ज सहज मिळत होतं. युद्ध १८६५ मध्ये संपलं, भाव कोसळला, आणि त्याच सुमाराला नव्या पाहणीनं सारा वाढवला. आता बियाण्याला पैसे हवेत, साऱ्याला हवेत, आणि समोर एकच दार. त्या दारात बसून जो शेतकरी न वाचता अंगठा उठवतो, त्याची अक्कल कुठे गेलेली नसते. आपण काय लिहून देतोय, याचा अंदाज त्याला असतो. त्याच्याकडे दुसरं दार नसतं, एवढंच. म्हणीत अक्कल म्हटलं आहे, पण नाहीसा झालेला असतो तो पर्याय.

सरकारनं चौकशीला आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा झाला. त्यातली एक तरतूद मला फार मोठी वाटते. कागदावर अंगठा आहे म्हणजे व्यवहार खरा, असं धरून न चालता, न्यायाधीशानं रोख्याच्या मागे जाऊन त्या कर्जाची पहिल्यापासूनची हकीकत तपासावी, असं तो कायदा सांगत होता. मूळ घेतले किती, दिले किती, चढवले किती. रूमींचा तो न्यायाधीश आठवा, ज्याच्या मनातल्या गरजेनं त्याला गांजलेला माणूस दिसेनासा झाला. इथे कायदा न्यायाधीशाला सांगत होता, की कागद बाजूला सार आणि समोरच्याची गरज पाहा.

हीच समज आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या सोळाव्या कलमात आहे. १८९९ मध्ये ते कलम सुधारलं, आणि एक माणूस दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा चालवण्याच्या स्थितीत असेल तर त्यांच्या कराराकडे संशयानं पाहावं, हे स्पष्ट झालं. त्या कलमाखाली दिलेली उदाहरणं वाचली, की म्हणींना कुणीतरी उत्तर देत आहे असं वाटतं. एक उदाहरण वैद्याचं आहे: आजारानं किंवा वयानं खचलेल्या माणसाकडून उपचार करणारा भरमसाट मोबदला कबूल करून घेतो. गरज सरल्यावर वैद्याला मारणारा रोगी म्हणीला दिसला. गरज असताना रोग्याला लुटणारा वैद्य कायद्याला दिसला. दुसरं उदाहरण गावच्या सावकाराचं आहे: आधीच कर्जात असलेला माणूस त्याच सावकाराकडून अन्यायकारक वाटणाऱ्या अटींवर नवं कर्ज घेतो. तिथे कायदा सावकाराला म्हणतो, तू दबाव आणला नाहीस हे आता तू सिद्ध कर. आणि लगेच खाली तिसरं उदाहरण: बाजारात पैशाची टंचाई असताना एक माणूस बँकेकडे जातो, बँक नेहमीपेक्षा फार जास्त व्याज मागते, तो कबूल करतो. कायदा म्हणतो, हा रोजचा व्यापार झाला. यात दबाव नाही.

गरज दोघांनाही आहे, गावच्या कर्जदारालाही आणि बँकेकडे जाणाऱ्यालाही. तरी दोघांना वेगळा न्याय आहे. कारण एक जण बाजारात उभा आहे आणि दुसरा एकाच माणसाच्या मुठीत. आपला फायदा पाहण्याचा हक्क कायद्यानं कुणाचाच काढून घेतला नाही. दुसऱ्याच्या गरजेवर आपला मतलब साधू नये, एवढीच रेघ त्यानं ओढली. भर्तृहरीनं 'सामान्य' आणि 'राक्षस' यांच्यामध्ये ओढली होती ती हीच रेघ.

सुप्याच्या सुमारे अडीचशे वर्षं आधी, याच पुणे जिल्ह्यात, कागद नाहीसे करण्याची आणखी एक घटना परंपरा सांगते. १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. देहूच्या तुकोबांच्या घरी सावकारी होती, महाजनकी होती. दुष्काळात घरची माणसं गेली, पत्नी गेली. त्यानंतर वडिलोपार्जित येण्याच्या कागदांची त्यांनी भावाबरोबर वाटणी केली. कान्होबांचा वाटा त्यांना दिला, आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडून दिले. सुप्याला ऋणकोंनी कागद जाळले, देहूत धनकोनं आपण होऊन बुडवले. चांगल्या मार्गानं मिळवलेल्या पैशाची तुकोबांनी निंदा केली नाही, ते वाणी होते आणि व्यवहार जाणत होते. पण दुष्काळात ज्याची चूल विझली त्याच्या नावचा कागद हातात धरून बसणं म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या घरातल्या मरणात पाहिलं होतं. दुसऱ्याची गरज त्यांना कळली, कारण ती त्यांच्याही अंगणात पडली होती.

मित्रहो, मी हे सगळं जुनं सांगतो आहे असं वाटू नये, म्हणून एक ताजी गोष्ट सांगतो.

सुप्यापासून फार लांब नसलेल्या एका गावात, एका बचत गटाच्या बैठकीला मला बसता आलं. गुरुवारची संध्याकाळ, मारुतीच्या देवळाचा सभामंडप. मध्ये पत्र्याची पेटी. पेटी एकीच्या घरी राहते आणि किल्ली दुसरीच्या, हा त्यांचा नियम. महिन्याची शंभर रुपये वर्गणी, आणि गटातल्या गटात कर्ज दिलं तर शेकडा दोन. त्या दिवशी पेटीत नऊ हजार चारशे होते आणि मागणाऱ्या दोघी. एकीला शेळी घ्यायला सहा हजार हवे होते. दुसरीला मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाची फी भरायला आठ हजार. दोघींचे मिळून चौदा होत होते.

कुणी कुणाला स्वार्थी म्हटलं नाही. अध्यक्षीणबाईंनी शेळीवालीला विचारलं, "अक्का, तुझं थांबंल का?" ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेळीचा बाजार पुढल्या गुरुवारी बी भरंल. तिच्या पोरीची तारीख सरतीय. तिला द्या." सचिव असलेल्या तरुण मुलीनं वहीत कारणाच्या रकान्यात 'फी' लिहिलं, आणि पुढच्या महिन्याच्या पानावर शेळीवालीचं नाव सगळ्यांत वर टाकलं. फीवालीनं सही केली, वहीवरून उठली आणि अक्काच्या शेजारी जाऊन बसली. बैठक पुढे सरकली.

मी त्या वहीकडे पाहत होतो. शेळी घेणं हाही आपला फायदाच, आणि त्यात गैर काही नाही. फी भरणं हीसुद्धा घराच्या पुढच्या कमाईची सोयच. त्या बायकांनी दोन स्वार्थांची भांडणं लावली नाहीत. दोन गरजांची तारीख पाहिली. कुठली आधी भागली पाहिजे, एवढंच ठरवलं. आणि हे त्या करू शकल्या, कारण त्या पेटीसमोर प्रत्येक बाई आज देणारी होती आणि उद्या मागणारी. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण त्या सभामंडपात कुणाच्या तोंडी येणं शक्य नव्हतं.

तिथून बाहेर पडलं की मात्र दुसरं जग आहे. तिथे गरजेला एक नवं क्रियापद मिळालं आहे: गरज निर्माण करणं. माल आधी तयार होतो, गरज मागून तयार केली जाते. गुरुजी असते तर त्यांनी हे फळ्यावर लिहून आम्हाला विचारलं असतं, की जी पडते ती निर्माण कशी करता येते? निर्माण केलेली गरज भागत नाही, कारण ती भागली तर निर्माण करणाऱ्याचा धंदा थांबेल. आणि ती भागवायला मोबाइलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप आहेत. अंगठा तोच आहे, फक्त आता तो काचेवर उठतो, आणि अटी आजही कुणी वाचत नाही. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, अवैध सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम घातले. हे सारं हवंच आहे. पण कायदा कागदापर्यंत पोचतो. बोलण्यात आपण गरजवंताला काय म्हणतो, तिथे कायदा पोचत नाही. तिथे भाषा पोचते.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या हिताचं पाहणं यात पाप नाही. आपली संस्कृत, आपली भर्तृहरीची नीती, आपले वाणी संत, कुणीच तसं म्हटलेलं नाही. पण आपल्याकडे एक खोड आहे. स्वतःचं असलं की आपण त्याला गरज म्हणतो, आणि दुसऱ्याचं असलं की मतलब. पगारवाढ मागणारा कामगार, हमीभाव मागणारा शेतकरी, फीची सवलत मागणारा विद्यार्थी, घरकामाचे पैसे वाढवून मागणारी बाई, यांच्या मागणीला 'मतलबी' म्हणताना आपली जीभ अडखळत नाही. चौथी गाडी घेताना मात्र आपण बिनदिक्कत म्हणतो, "गरज होती."

मराठीनं गरजेला स्वार्थाच्या घरून सोडवून आणलं, हे तिनं केलेलं मोठं काम आहे. ते काम आपण रोजच्या बोलण्यात मोडू नये, एवढी विनंती मी या व्यासपीठावरून करतो. पुढच्या वेळी कुणी तुमच्या दारात काही मागायला येईल, तेव्हा त्याला मतलबी ठरवण्याआधी गुरुजींचा फळा आठवा आणि एकच प्रश्न विचारा: हे भागणारं आहे का? भागणारं असेल, तर ती गरज आहे. तिची लाज मागणाऱ्याला नाही. ती भागवता येत असून न भागवणाऱ्याला आहे.